संध्याकाळचे पाणी : हिरवळ, गुलाब आणि चेरीच्या झाडांवरील बुरशीनाशक वापराचा एक प्रकरण अभ्यास

मला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले तेव्हा त्या आवारातील हिरवळीवर दोन आठवड्यांत तीन फवारण्या होऊन गेल्या होत्या आणि प्रत्येक फवारणीनंतर करपलेल्या गवताचे क्षेत्र वाढलेलेच होते. एका मोठ्या संस्थेचे हे आवार होते. मुख्य इमारतीसमोर उतरती हिरवळ, पायवाटेच्या दोन्ही अंगांना गुलाबांचे वाफे आणि उताराच्या तळाशी, लहानशा तळ्याच्या अलीकडे, शोभेच्या चेरीची तरुण झाडे अशी त्याची रचना होती. गवत मुख्यतः बारमाही राय जातीचे होते. ते थंड हवेत जोमाने वाढते आणि दमट उकाड्यात थकते. संपूर्ण आवाराला तुषार सिंचनाची एकच यंत्रणा होती आणि ती रोज संध्याकाळी सात ते नऊ चालत असे, कारण दिवसभर तिथे माणसांची वर्दळ असे.

मुख्य माळी काळजीपूर्वक काम करणारे होते. कोणत्या दिवशी काय फवारले हे त्यांनी वहीत लिहून ठेवले होते आणि त्या वहीमुळेच या प्रकरणाचा उलगडा करणे शक्य झाले. गवतावर फिकट डाग दिसताच त्यांनी कार्बेन्डाझिम फवारले, आठ दिवसांनी तेच पुन्हा फवारले आणि तरीही डाग पसरत गेले तेव्हा ‘अधिक जोरदार’ म्हणून प्रोपिकोनॅझोल वापरले. प्रत्येक वेळी उरलेले द्रावण वाया जाऊ नये म्हणून गुलाबांवर मारले गेले, आणि चेरीच्या खोडातून डिंक येतो आहे हे लक्षात आल्यावर तेच द्रावण त्या झाडांच्या बुंध्याशी ओतले गेले. या निर्णयांमागे निष्काळजीपणा नव्हता. बाटलीवरच्या लेबलात डझनभर रोगांची नावे असतात, आणि ‘बुरशीनाशक’ हा शब्दच असा आहे की सगळ्या बुरशींवर ते सारखेच चालेल अशी समजूत सहज होते. ही समजूत किती महाग पडू शकते हे या आवारात एकाच वेळी तीन ठिकाणी दिसले.

हिरवळीची पहिली पाहणी

पाहणीसाठी मी सकाळी सहाची वेळ मागून घेतली. गवताचे बरेचसे रोग दिवसा उन्हात एकसारखे दिसतात. पिवळट, पेंढ्याच्या रंगाचे, वाळलेले. दव असताना मात्र ते आपले वेगळे रूप दाखवतात. त्या सकाळी उतारावरच्या डागांच्या कडेला गवताची पाती तेलात बुडवून काढल्यासारखी काळपट, लोळागोळा होऊन एकमेकांना चिकटलेली होती, आणि तळाच्या कोपऱ्यात त्यांच्यावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. दवात भिजलेली कोळ्यांची जाळीही लांबून अशीच दिसतात, म्हणून गुडघ्यावर बसून, बोटाने पाती वेगळी करून पाहिले. जाळे पात्यांच्या टोकांवरून ताणलेले असते. हे तंतू पात्यांच्या बुडाशी, आत गुंतलेले होते. ऊन चढताच अर्ध्या तासात ते दिसेनासे झाले आणि उरले फक्त तांबूस, करपलेले गवत.

डागांची मांडणीही बोलकी होती. ते गोल आणि सुटे नव्हते. उताराच्या दिशेने, पाणी जसे वाहत जाते तशा लांबट पट्ट्या होत्या आणि काही ठिकाणी गवत कापण्याच्या यंत्राच्या चाकांच्या रुंदीचे सरळ पट्टे होते. रोगकारक पाण्याबरोबर आणि ओल्या गवतातून फिरणाऱ्या यंत्राबरोबर प्रवास करत होता. रायझोक्टोनिया या बुरशीमुळे होणारा तपकिरी डाग असता तर डाग बरेचसे वर्तुळाकार असते आणि पहाटे त्यांच्या कडेला धुरकट कडे दिसण्याची शक्यता होती. ‘डॉलर स्पॉट’ असता तर नाण्याएवढे, फिकट, खोलगट ठिपके दिसले असते आणि तो बहुधा नत्र कमी पडलेल्या हिरवळीवर जोर धरतो. इथे तर उलट, उकाडा सुरू होण्याच्या तोंडावर भरपूर युरिया दिलेला होता.

डोळ्यांनी संशय येतो, खात्री होत नाही. डागाच्या अगदी मधले गवत मेलेले असते आणि त्यावर इतर कुजवणाऱ्या बुरशी वाढलेल्या असतात, म्हणून नमुना नेहमी कडेचा, अर्धा निरोगी आणि अर्धा रोगट असा घ्यावा लागतो. तसा मूठभर नमुना मुळांसकट घेऊन ओलसर कागदाबरोबर बंद पिशवीत रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी पिशवीत पांढरा कापूस दाटला होता. त्यातला थोडा भाग पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा तंतू सलग नळीसारखे दिसले. त्यांत आडवे पडदे जवळजवळ नव्हतेच. रायझोक्टोनियाचे तंतू जाडसर, पडदे असलेले आणि काटकोनात फुटलेले असतात, व फाट्याच्या मुळाशी ते थोडे आवळलेले दिसतात. असे काहीही इथे नव्हते. प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या जोडनमुन्यावर पिथियमचे निदान आले.

तीन फवारण्या का फसल्या

पिथियम दिसायला आणि वागायला बुरशीसारखा असला तरी वंशाने तो खऱ्या बुरशींपैकी नाही. तो ऊमायसीट गटातला, म्हणजे बोलीत ज्यांना जलबुरशी म्हणतात त्यांच्यापैकी, आणि त्याचे जवळचे नातेवाईक तपकिरी शैवाल व डायाटम हे आहेत. द्राक्षावरचा केवडा आणि बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा याच गटातले रोगकारक घडवतात. हा फरक केवळ वर्गीकरणाचा राहत नाही, तो थेट औषधाच्या कामावर येतो. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीतील बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला धरून पेशीविभाजन थांबवते. ऊमायसीटांच्या ट्युब्युलिनवर त्याची पकड बसत नाही. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल ही ट्रायझोल कुळातील औषधे बुरशीला तिच्या पेशीपटलासाठी लागणारे एर्गोस्टेरॉल तयार करू देत नाहीत, आणि पिथियम एर्गोस्टेरॉल तयारच करत नाही. ज्या कारखान्याला टाळे ठोकायचे तो कारखानाच तिथे नाही. म्हणजे तिन्ही फवारण्यांत रोगकारकाला धक्का लावणारे असे काहीही हिरवळीवर पडले नव्हते.

नुकसान मात्र झाले होते. कार्बेन्डाझिम ज्या कुळातले आहे त्या बेंझिमिडाझोल औषधांनी पिथियमशी जागेसाठी झगडणाऱ्या इतर बुरशी दबतात, आणि या कुळातल्या बेनोमिलच्या वापरानंतर पिथियमचा उपद्रव वाढल्याच्या नोंदी आहेत. हीच औषधे गांडुळांनाही घातक असतात. हिरवळीत गांडूळ कमी झाले की मेलेल्या मुळा-खोडांचा थर लवकर कुजत नाही आणि जमिनीत पाणी मुरण्याच्या वाटाही बुजतात. तळाच्या कोपऱ्यात हा थर दोन सेंटिमीटरांहून जाड झालेला होता. तिसऱ्या फवारणीतील प्रोपिकोनॅझोलचा आणखी एक गुण इथे उलटा पडला. ट्रायझोल औषधे वनस्पतीतील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या निर्मितीवरही काही प्रमाणात परिणाम करतात, त्यामुळे गवताची वाढ मंदावते. उकाड्याने आधीच थकलेल्या गवताला रिकाम्या जागा भरून काढण्यासाठी जी वाढ हवी होती, तीच रोखली गेली.

फवारणीची पद्धतही तपासली. पंपात नुसते पाणी भरून, दहा मीटर लांब-रुंद चौकोन दोरीने आखून, नेहमीच्या चालीने फवारायला सांगितले. चौकोन संपला तेव्हा पंपातील पाणी जेमतेम 3 लिटरने उतरले होते. गवताच्या पानांवरील रोगांसाठी 100 चौरस मीटरला साधारण 8 लिटर पाणी लागते. औषधाचे प्रमाण ‘दर लिटरला इतके’ असे धरले गेल्यामुळे पाणी जितके कमी पडले तितके औषधही कमी पडत होते. औषध बरोबर असते तरी अशा फवारणीने ते अपुरे ठरले असते, आणि अपुरी मात्रा पुन्हा पुन्हा देणे हा रोगकारकाला औषधाची सवय लावण्याचा एक रस्ता आहे. त्या दिवशी फवारणारा माणूस त्या चौकोनात चार वेळा चालला. शेवटच्या खेपेला चाल आणि नोझल बदलून पाणी 8 लिटरच्या जवळ आले, तेव्हाच आम्ही औषधाचा विषय काढला.

पाण्याचे वेळापत्रक

औषधाआधी पाण्याची वेळ बदलली, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता असे मी आजही मानतो. उकाड्यातील पिथियमचा अंदाज बांधण्यासाठी 1983 साली मांडला गेलेला एक निकष असा आहे की दिवसाचे कमाल तापमान 30 अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि त्यानंतर किमान 14 तास हवेतील आर्द्रता 90 टक्क्यांहून अधिक राहिली, शिवाय रात्रीचे तापमान 20 अंशांखाली उतरले नाही, तर रोगाचा भडका उडण्याची परिस्थिती तयार झाली असे समजावे. हवामान आपल्या हातात नसते. परंतु गवताच्या पात्यांभोवतीचे, जमिनीपासून चार बोटांवरचे हवामान बऱ्याच अंशी पाणी देणाऱ्याच्या हातात असते. संध्याकाळी सातला पाणी सुरू केले की सूर्य मावळताना पाती भिजतात, त्यावर रात्री दव पडते आणि सकाळी आठ-नऊपर्यंत ती कोरडी होत नाहीत. हा ओलावा सहज 13-14 तासांचा होतो. तेच पाणी पहाटे चारला दिले तर पाती दवाने तशीही भिजलेलीच असतात. पाणी त्या ओलाव्यात मिसळते, त्याची मुदत फारशी वाढवत नाही, आणि सूर्य वर येताच पाती सुकतात. पाण्याचे माप तेच राहते आणि ओलाव्याचे तास जवळजवळ निम्मे होतात.

व्यवस्थापनाला पहाटेची वेळ गैरसोयीची वाटत होती, कारण झडपा माणसाने उघडायच्या होत्या. अखेर वेळयंत्र बसवण्यात आले. शिवाय रोज थोडे थोडे पाणी देण्याऐवजी, जमीन बोटभर खोल कोरडी झाल्यावर एकदाच भरपूर पाणी देण्याचे ठरले. युरिया पूर्ण थांबवला. गवत ओले असताना कापायचे नाही, रोगट भाग सर्वांत शेवटी कापायचा आणि त्यानंतर यंत्राची पाती व चाके धुऊन ठेवायची असा नियम घातला. तळाच्या कोपऱ्यात मातीत पोकळ दाते घालून छिद्रे पाडणे आणि निचऱ्यासाठी चर काढणे ही कामे मात्र थंडीपर्यंत पुढे ढकलली. भर उकाड्यात आजारी गवताची मुळे उचकटणे योग्य नव्हते.

औषधाची निवड

पिथियमवर चालणारी औषधे वेगळी आहेत. मेटॅलॅक्झिल, प्रोपॅमोकार्ब, सायझोफॅमिड आणि फॉस्फोनेट गटातील फोसेटिल-ॲल्युमिनियम ही त्यांतली प्रमुख. ॲझॉक्सिस्ट्रोबिनचाही पिथियमवर काही परिणाम होतो आणि ते गोदामात पडून होते, तरीही ते हिरवळीसाठी नाकारले. या गटाची औषधे मासे व इतर जलचरांना घातक असतात आणि उताराचे सगळे पाणी तळ्यात उतरत होते. पहिली फवारणी मेटॅलॅक्झिलची ठरवली. हे औषध आंतरप्रवाही असून मुळांतून व पानांतून शिरून वरच्या दिशेने जाते, त्यामुळे नव्याने येणाऱ्या पात्यांनाही काही काळ संरक्षण मिळते. मात्र ते पाण्याबरोबर मातीत खोल सरकते, म्हणून पावसाचा अंदाज नसलेला दिवस निवडला आणि तळ्याच्या कडेची चार मीटरची पट्टी औषधाविना सोडली.

दुसरी फवारणी मेटॅलॅक्झिलची करायची नाही हेही त्याच दिवशी ठरले. मेटॅलॅक्झिल बाजारात आल्यावर थोड्याच वर्षांत, 1980 च्या सुमारास, बटाट्याच्या करप्याचा रोगकारक त्याला दाद देईनासा झाला होता. अशा अनुभवांतूनच 1981 साली औषध कंपन्यांच्या तज्ज्ञांची ‘फ्रॅक’ ही समिती उभी राहिली आणि तिने बुरशीनाशकांना त्यांच्या कार्यपद्धतीनुसार क्रमांक दिले. हा क्रमांक अनेक देशांत लेबलवर छापलेला असतो. मेटॅलॅक्झिल 4, सायझोफॅमिड 21, कार्बेन्डाझिम 1, ट्रायझोल 3, ॲझॉक्सिस्ट्रोबिन 11, आणि मॅन्कोझेबसारखी एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालणारी स्पर्शजन्य औषधे ‘एम’ अक्षराने सुरू होणाऱ्या गटात. बाटल्यांची व्यापारी नावे वेगवेगळी असली तरी क्रमांक तोच असेल तर औषध बदललेले नसते. मुख्य माळ्यांनी हा क्रमांक वहीत औषधाच्या नावापुढे लिहायला सुरुवात केली. हिरवळीची दुसरी फवारणी बारा दिवसांनी गट 21 च्या औषधाची झाली.

पहिल्या फवारणीपूर्वी रोगाच्या कडेवर दोन ठिकाणी एकेक मीटर लांब-रुंद प्लायवुडची फळी टाकली, फवारणी झाल्यावर लगेच उचलली आणि तिच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. औषध न पडलेले असे चौकोन राखल्याशिवाय फवारणीने काय साधले हे कधीच कळत नाही, आणि तरीही ही साधी गोष्ट फार कमी ठिकाणी केली जाते. पहिल्या चार दिवसांत फरक स्पष्ट होता. खुंट्यांच्या आत रोगाची कड तळहाताएवढी पुढे सरकली, बाहेर ती थांबली. पाचव्या दिवशी हवा पालटली, रात्री थंड झाल्या आणि त्यानंतर खुंट्यांच्या आतही रोग पुढे गेला नाही. म्हणून मी अहवालात असेच लिहिले की औषधाने चार दिवसांची आगेकूच रोखली आणि उरलेले काम हवा व पाण्याच्या नव्या वेळेने केले. मेलेले गवत औषधाने उठत नाही. ते भाग खरवडून, हवेत गारवा आल्यावर, मेटॅलॅक्झिलची प्रक्रिया केलेले बियाणे टाकून पुन्हा पेरावे लागले.

गुलाब

गुलाबांचे दुखणे निराळे होते. खालच्या पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके, भोवती पिवळेपणा आणि वाफ्यात गळलेल्या पानांचा खच. हा डिप्लोकार्पॉन रोझी या खऱ्या बुरशीचा काळा ठिपका, आणि तिथे कार्बेन्डाझिमने काहीतरी काम करायला हवे होते. ते का झाले नाही याची दोन कारणे संभवत होती. एक म्हणजे, वहीप्रमाणे त्या झाडांवर, शेवटची प्रोपिकोनॅझोलची फवारणी सोडता, दोन हंगाम फक्त गट 1 चे औषध पडत आले होते, आणि या गटाला बुरशी एका जनुकातील एका बदलानेही दाद देईनाशी होऊ शकते. दुसरे म्हणजे, उरलेले द्रावण घाईने वरवर मारले जात असल्यामुळे ते खालच्या पानांपर्यंत, जिथे रोग सुरू होतो तिथे, पोहोचतच नव्हते. यातले कोणते कारण किती हे वेगळे काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा दोन्ही दूर करणे सोपे होते.

या बुरशीच्या बीजाणूंना पानात शिरण्यासाठी पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहावे लागते. संध्याकाळचे तुषार ही अट रोज रात्री, न चुकता पूर्ण करत होते. गुलाबांच्या वाफ्यांना तुषारांतून काढून बुडाशी ठिबक नळ्या दिल्या. गळलेली पाने गोळा करून आवाराबाहेर काढली, डाग पडलेल्या फांद्या छाटल्या, कारण बुरशी पुढच्या हंगामापर्यंत त्यांतच टिकून राहते. मग मॅन्कोझेब हे संरक्षक औषध मुख्य ठेवून, पावसाळी आठवड्यांत दर सात ते दहा दिवसांनी, पानांच्या दोन्ही बाजू भिजतील असे फवारले आणि मधल्या फवारण्यांत आळीपाळीने गट 3 व गट 11 ची औषधे त्यात मिसळली. डाग पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. यश मोजायचे ते नव्या पानांवर. सहा आठवड्यांनी नव्या फांद्यांची पाने स्वच्छ होती. दोन जातींची झाडे मात्र तरीही बोडकी राहिली. त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे फवारत राहण्यापेक्षा त्या जागी रोगाला तोंड देणाऱ्या जाती लावाव्यात असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

चेरीचा बुंधा

चेरीच्या खोडातून डिंक येण्याची कारणे अनेक असतात. यंत्राचा घाव, खोडकिडा, जिवाणूजन्य कूज, नुसता पाण्याचा ताण यांपैकी कशानेही डिंक येतो, त्यामुळे डिंक पाहून औषध ठरवता येत नाही. इथे प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी लाकडाच्या चुऱ्याचा टोपलीभर उंचवटा रचलेला होता, ‘मुळे गार राहावीत’ म्हणून. तो हाताने बाजूला केला तेव्हा खोड जिथे रुंद होऊन मुळे फुटतात तो भाग वीतभर खाली गाडलेला, कायम ओला आणि काळपट आढळला. धारदार चाकूने सालीची अगदी पातळ चकती काढली. निरोगी साल आतून फिकट, मलईच्या रंगाची होती आणि तिला लागून तांबडट तपकिरी मेलेली साल होती. दोन्हींच्या मधली कड रेघ ओढल्यासारखी स्पष्ट होती. जागेवर करायच्या चाचणीपट्टीने फायटोफ्थोरा हा मुळे व बुंधा कुजवणारा रोगकारक असल्याचे दाखवले. ही पट्टी काही पिथियमांनाही प्रतिसाद देते आणि या आवारात पिथियम होताच, म्हणून सालीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तिथेही फायटोफ्थोराच वाढला. हाही ऊमायसीटच. बुंध्याशी ओतलेले कार्बेन्डाझिम इथेही निरुपयोगी होते, आणि त्याबरोबर ओतलेल्या बादल्यांनी बुंधा आणखी भिजला होता.

सात झाडांपैकी दोन झाडांची साल जवळजवळ पूर्ण घेराने मेली होती. ती वाचणार नव्हती. वाकून तळ्याकडच्या वाटेवर पडण्याचा धोका लक्षात घेऊन ती लगेच काढली. ज्या झाडांचा निम्म्याहून अधिक घेर जिवंत होता, त्यांच्या बुंध्याभोवतीचा चुरा व माती हलक्या हाताने काढून मुळांचा फुटवा उघडा केला, तुषारांची तोंडे दुसरीकडे वळवली आणि पानांवर फोसेटिल-ॲल्युमिनियम फवारले. फॉस्फोनेट गटाची औषधे झाडात वरही जातात आणि खालीही उतरतात, त्यामुळे पानांवरून दिलेले औषध मुळांपर्यंत पोहोचते; ती रोगकारकाला थेट आवर घालतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही जागी करतात. खत म्हणून मिळणाऱ्या फॉस्फेटशी त्यांची गल्लत करू नये. नाव जवळचे असले तरी फॉस्फेट हे काम करत नाही. आदल्या पंधरवड्यात तांब्याचे औषध पडलेले नाही ना याचीही वहीत खात्री करून घेतली, कारण फोसेटिल आम्लधर्मी असल्याने तांब्याच्या संपर्कात पाने भाजू शकतात.

फवारणी करणाऱ्यांना हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे देण्याचा आग्रह धरावा लागला. फवारलेल्या हिरवळीवर द्रावण पूर्ण सुकेपर्यंत आणि लेबलवर दिलेली मुदत संपेपर्यंत कोणाला जाऊ द्यायचे नाही म्हणून दोऱ्या बांधल्या. उरलेले द्रावण कुठे टाकायचे हा प्रश्न मापून द्रावण बनवायला लागल्यावर जवळजवळ उरलाच नाही.

पुढचा उन्हाळा

थंडीत तळाच्या कोपऱ्यातील मेलेला थर काढला, छिद्रे पाडून त्यांत वाळू भरली आणि पाणी उताराबाहेर नेणारा चर खणला. पुढच्या उन्हाळ्यात उष्ण, दमट रात्रींचा पहिला अंदाज आला तेव्हा फक्त त्या कोपऱ्यावर, रोग दिसण्याआधी, एक प्रतिबंधक फवारणी झाली. उरलेल्या हिरवळीला औषध दिले नाही. याही वेळी प्लायवुडच्या फळ्या टाकल्या होत्या. एका चौकोनात थोडा रोग आला, बाहेर आला नाही, आणि वरच्या उतारावर, जिथे काहीच फवारले नव्हते तिथे, तो फिरकला नाही. त्या उन्हाळ्यात हिरवळीसाठी दुसरी बाटली उघडावी लागली नाही.

उरलेल्या पाच चेरींवर, मेलेल्या सालीच्या कडेने, पहिल्याच वर्षी रंगाची बारीक रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली होती. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस चार झाडांवर तपकिरी भाग रेघेच्या आतच होता आणि रेघेच्या कडेने नवी साल गोलसर होऊन आत वळत होती. पाचव्या झाडावर तो रेघ ओलांडून बोटभर पुढे गेला होता. त्या झाडाला पुन्हा फॉस्फोनेट दिले, बुंध्याजवळची राहिलेली ओली माती आणखी काढली आणि नवी रेघ ओढली.